कानाचं ऑपरेशन, जिभेची चौकशी

सकाळी सहा

गुरुवार हा माझा परळला ऑपरेशनं करण्याचा दिवस. आषाढात यादी लांबते आणि पितृपक्षात ओस पडते. आजार पंचांग बघत नसला तरी पेशंट बघतात. आज दोनच केसेस आहेत, पण दोन्ही कानाच्या, म्हणजे दुपार सहज होणार. नाक आणि घसा उद्यावर ढकलले आहेत.

चहाचा पहिला घोट घेतेय तोच फोन. पहिल्या पेशंटच्या सासूबाई. "डॉक्टर, तिनं चार वाजता चुळभर पाणी घेतलं, चालेल ना?" चालेल. "बरं, आणि ते जिभेचं तुम्ही म्हणाला होतात, ते अगदी नक्की होतं का?" नक्की होत नाही, होऊ शकतं. "अहो, पण ऑपरेशन तर कानाचं आहे!" हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकत आलेय आणि दर वेळी ते बरोबरच असतं. त्यांना म्हटलं, आठ वाजता वॉर्डात भेटू, तिथं परत सांगते.

सात

फणसवाडीतून ठाकूरद्वार नाक्यावर यायचं, तिथून चर्नी रोड स्टेशन. आता गिरगावात मेट्रो आली, पण परळच्या त्या टोकाला पोहोचायला मला अजून स्लो लोकलच सोयीची: ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी. पावसामुळे डब्याच्या खिडक्या बंद, पंख्यांची घरघर, दोन बायका एकमेकींच्या अंगावर ओरडल्यासारख्या गप्पा मारताहेत.

आजच्या पेशंटचं निदान खरं तर असल्याच डब्यानं केलं. ती लालबागची, शाळेत शिकवते, वय बत्तीस. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, "वर्गात मुलं काय बोलतात ते कळत नाही, पण ट्रेनमध्ये मैत्रिणींचं सगळं ऐकू येतं. मग मी बहिरी कशी?" कानाच्या डॉक्टरला हे वाक्य ऐकल्यावर अर्धं काम झालेलं असतं. तिच्या मधल्या कानातलं सगळ्यात छोटं हाड, म्हणजे रिकीब (स्टेपीज), जागच्या जागी घट्ट बसत चाललं आहे. गोंगाट तिच्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि गोंगाटात समोरचा माणूस मात्र आवाज चढवून बोलतो. त्यामुळे फायदा तिचाच. सतराव्या शतकातल्या थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरनं अशाच एका बाईची हकिगत लिहून ठेवली आहे: ढोल वाजत असेल तरच तिला नवऱ्याचं बोलणं ऐकू यायचं, म्हणून नवऱ्यानं ढोल वाजवणारा नोकरच ठेवला. लालबागला नोकर ठेवायची गरज नाही. भाद्रपदात तिथं सगळे दहा दिवस तिला छान ऐकू येत असणार.

आठ

वॉर्डात सासू, सून आणि मुलगा तिघंही. फॉर्मवर सही आधीच झालेली आहे. पण फॉर्मवरच्या सहीला मी फारसं महत्त्व देत नाही. आमच्या छापील संमतिपत्रात रक्तस्राव आहे, भूल आहे, ऐकू न येणं आहे, चेहरा वाकडा होणं आहे. जिभेची ओळ मी हातानं लिहिते आणि ती वाचून दाखवते.

सासूबाईंना सांगितलं ते असं. तुमच्या जुन्या चाळीत कधी बघितलंय ना, एका बिऱ्हाडाची वायर भलत्याच बिऱ्हाडाच्या खोलीतून, त्यांच्या देवघरावरून जाते? त्या खोलीचा तिच्याशी काही संबंध नसतो, पण तिथं रंगकाम काढलं की धक्का तिलाच लागतो. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव मेंदूकडे नेणारी नस तशी आहे. तिचं नाव कॉर्डा टिंपनी. चेहऱ्याच्या स्नायूंना हलवणाऱ्या मोठ्या नसेतून ती फुटते, मागच्या भिंतीतून मधल्या कानात शिरते, हातोडी आणि ऐरण (इन्कस) या दोन हाडांच्या मधून, हवेत उघडी, पलीकडे जाते, पुढच्या एका फटीतून बाहेर पडते आणि जिभेच्या नसेला जाऊन मिळते. कानाच्या कामाशी तिचा काडीचा संबंध नाही. पण मला रिकिबीपर्यंत पोहोचायचं तर ती बरोबर वाटेत आहे.

"मग तिला बाजूला करता?"

करते. आणि बाजूला करताना ती ताणली जाते, कधी सुकते, कधी तुटते. मग त्या बाजूच्या जिभेला काही दिवस, काही महिने गोड-खारट कळेनासं होतं, किंवा तोंडात पत्र्याची, जुन्या नाण्याची चव येत राहते. बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. काहींचं राहतं.

सून इतका वेळ ओठांकडे बघून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "मला वर्ग ऐकू यायला हवाय." सासूबाई मात्र विचारात पडल्या होत्या. त्यांच्या घरात स्वयंपाक कोण करतं हे मी विचारलं नाही.

साडेआठ ते साडेदहा

रिकिबीचं ऑपरेशन मी शक्यतो फक्त जागा बधिर करून करते, पूर्ण भूल देत नाही. पेशंट जागी असली की ती मला सांगू शकते: चक्कर येतेय, दुखतंय, ऐकू येतंय. मायक्रोस्कोप डोळ्यांसमोर आला की बाहेरचं सगळं थांबतं. हा मायक्रोस्कोप नसता तर आमची अर्धी विद्या नसती; झाइस कंपनीचं कानाच्या ऑपरेशनसाठी वापरलं गेलेलं पहिलं गाजलेलं मॉडेल 1953 सालचं, आणि अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात जॉन शी यांनी रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसवली ती 1956 साली. त्याआधी रिकीब नुसती हलवून मोकळी करून बघायचे, आणि ती परत बसायची.

कानाच्या नळीची कातडी पडद्यासकट अलगद उचलून पुढे दुमडायची. मागच्या कडेखाली ती लगेच दिसते: अर्धा मिलिमीटरही जाड नसलेला पांढरा धागा, मागून पुढे आडवा गेलेला. माझ्याकडे शिकणाऱ्या रेसिडेंटला मी इथं थांबवते. "काय दिसतं?" तो म्हणतो, "इन्कस. स्टेपीजचं डोकं. पाय दिसत नाहीत." आणि? "...कॉर्डा." सगळ्यात आधी समोर येणारी गोष्ट मुलं सगळ्यात शेवटी सांगतात, कारण परीक्षेत प्रश्न रिकिबीवर येतो.

नस दिसली, पण रिकिबीचे पाय हाडाच्या कडेआड लपलेले आहेत. ती कड क्युरेटनं थोडी थोडी खरवडायची. इथंच नसेचं नशीब ठरतं. कड भरपूर खरवडली तर नसेला नुसतं खाली सरकवून काम भागतं. आळस केला, कमी खरवडली, तर मग नसेला ओढावं लागतं. मी दोन्ही प्रकारचे सर्जन बघितलेत. खरवडायला चार मिनिटं जास्त लागतात, आणि ती चार मिनिटं कुठल्याही रिपोर्टात दिसत नाहीत.

खाली सरकवताना नसेला टोक लागलं तशी टेबलावरून तिचा आवाज आला, "डॉक्टर, जिभेवर काहीतरी आंबट आलं." सिस्टर हसली. मी म्हटलं, बरोबर आहे, येऊ दे. माझी सुई तिच्या कानात, आणि चव जिभेच्या डाव्या कडेवर. नसेचा रस्ता समजावून सांगायला याहून चांगली आकृती कुठल्या पुस्तकात नाही. रेसिडेंटनं नस ओली ठेवण्यासाठी सलाइनचा थेंब सोडला. दिव्याखाली ती सुकते, आणि सुकलेली नस ताणलेल्या नसेइतकीच रुसते.

पुढचं नेहमीचं. रिकिबीचा सांधा सोडवला, स्नायूची दोरी कापली, वरची कमान मोडून काढली, खालच्या पट्टीत भोक पाडलं, साडेचार मिलिमीटर लांबीचा पिस्टन ऐरणीच्या टोकाला अडकवून भोकात उतरवला. इथं श्वास रोखायचा असतो: या पट्टीपलीकडे आतला कान आहे, आणि शंभरात एखाद्याचा कान या पायरीवर कायमचा जातो. तेही मी सांगितलेलं असतं. पिस्टन बसला. मी मास्कमधूनच, हळू आवाजात विचारलं, "शाळा किती वाजता भरते?"

"सात दहाला," ती म्हणाली, आणि मग एकदम, "अहो, तुम्ही ओरडताय का?"

पावणेअकरा

चहा. ऑपरेशनची नोंद लिहिताना कॉर्डा टिंपनीसाठी एक वेगळी ओळ: जागेवर, सरकवली, ताणली, की तुटली. आज 'सरकवली, अखंड'. सहा महिन्यांनी ती बाई तक्रार घेऊन आली तर ही ओळ उपयोगी पडते. ही ओळ अनेक नोंदींत नसते.

अकरा ते दीड

भायखळ्याचा मुलगा. वय एकोणीस, उजवा कान बालवाडीपासून वाहतो. घरच्यांनी लसणाचं तेल घातलं, गोडं तेल घातलं, कोणा बाबाची राखही घातली. ड्रॉप्सनं थांबायचा, पावसाळ्यात परत वाहायचा. आता वास येतो. वास आला की आम्हाला आतल्या आत धाकधूक होते. त्याच्या मधल्या कानात कातडी शिरून वाढली आहे, तिचा पापुद्र्यांचा गोळा झालाय. नाव लांबलचक, कोलेस्टिआटोमा. कॅन्सर नाही, पण आजूबाजूचं हाड खात जातो. ऐरण त्यानं अर्धी खाल्लेली आहे. पुढे चेहऱ्याची नस, आतला कान, वर मेंदूचं आवरण. इथं पूर्ण भूल, कानामागून चीर, ड्रिल, आणि वेळ.

गोळा उचलत गेले तेव्हा कॉर्डा सापडली ती त्याच्या आवरणातच गुरफटलेली, सुजून लाल झालेली. ती वाचवायची म्हणजे तिच्याभोवतीचा रोग मागे ठेवायचा. मागे ठेवलेला रोग परत वाढतो. इथं मला फार विचार करावा लागत नाही. कापली.

आता गंमत बघा. सकाळच्या बाईची नस मी जिवाच्या आकांतानं जपली, तरी ती महिनाभर तोंडातल्या चवीची तक्रार करण्याची बरीच शक्यता आहे. या मुलाची नस मी चक्क कापली, आणि हा बहुधा एक अक्षर काढणार नाही. हे माझं निरीक्षण नाही, जगभर अभ्यास करणाऱ्यांना हेच दिसलेलं आहे: रिकिबीच्या पेशंटच्या तक्रारी जास्त, वाहत्या कानाच्या पेशंटच्या कमी. कारण त्या बाईचा मधला कान निरोगी होता. तिची नस काल रात्रीपर्यंत ठणठणीत काम करत होती, आणि आज अचानक गडबडली. या मुलाची नस चौदा-पंधरा वर्षं पुवात भिजत होती. तिची चव कधीच गेलेली आहे, लहानपणी, कोणाच्या लक्षात न येता. जीभ उरलेल्या वाटांवर संसार करायला शिकली आहे. जिभेचा मागचा तिसरा हिस्सा वेगळ्या नसेकडे असतो, टाळूची वेगळी नस, डाव्या बाजूची जीभ पूर्ण शाबूत.

ताणलेल्या नसेपेक्षा कापलेली बरी, असं आमच्या पिढीला शिकवलं गेलं: अर्धवट नस भलते संदेश पाठवते, कापलेली गप्प बसते. नंतरच्या अभ्यासांत यावर एकमत राहिलेलं नाही. माझं मत विचाराल तर, वाचवता येत असेल तर वाचवा. ताणली म्हणून कापू नका, आणि ताणायची वेळच येऊ देऊ नका.

याच नसेच्या आणि चेहऱ्याच्या नसेच्या मधल्या अरुंद त्रिकोणातून कॉक्लिअर इम्प्लांटची तार आतल्या कानात जाते. मुंबईत या इम्प्लांटचं काम रुजवणाऱ्यांत डॉ. मिलिंद कीर्तने यांचं नाव पहिल्या ओळीत येतं. 2014 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधीच्या पिढीत नायर हॉस्पिटलचे डॉ. एल. एच. हिरानंदानी, 1972 चे पद्मभूषण. हा त्रिकोण दोन-तीन मिलिमीटर रुंद. त्यात ड्रिल घालायचं असेल तर दोन्ही नसांची नावं पाठ असून भागत नाही.

दोन

डबा. कँटीनच्या टेबलावर रेसिडेंटनं वडापाव मागवला, मी घरचं वरण-भात-तोंडलीची भाजी. त्यानं विचारलं, "मॅडम, ऑपरेशननंतर चव परत आली की नाही हे पेशंटला कसं कळतं? एक जण मला म्हणाला, मिसळ खाल्ली, झणझणीत लागली, म्हणजे चव आली."

नाही आली. तिखट ही या नसेवरून जाणारी चवच नाही. मिरचीचा दाह जिभेच्या स्पर्शाच्या आणि वेदनेच्या नसेवरून जातो, ती वेगळी, आणि कानाच्या ऑपरेशनात तिच्या केसालाही धक्का लागत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या पेशंटची फार फसगत होते. विनय हेल्थ होममध्ये जाऊन तर्री ओरपली तर नाकाडोळ्यांतून पाणी येणारच, नस असो नसो. वास तर नाकाचा, त्यालाही धोका नाही; हिंगाची फोडणी घरभर पूर्वीसारखीच दरवळते. म्हणजे मसालेदार जेवणातलं नव्वद टक्के सुख तसंच राहतं, आणि जे गेलं ते गेल्याचं कळतच नाही. कळतं ते साध्या पदार्थात. वरण-भात, दहीभात, सोलकढी, श्रीखंड. पेशंटला विचारायचं असेल तर मिसळीचं विचारू नये, वरण-भाताचं विचारावं.

रेसिडेंटनं माझ्या डब्याकडे जरा आदरानं बघितलं.

उलटंही होतं. 2020 नंतर 'चव गेली' म्हणून येणाऱ्या दहांतल्या बहुतेकांचा वास गेलेला असतो. साखर गोड लागते का? लागते. मीठ खारट लागतं का? लागतं. मग जीभ ठीक आहे, नाक बघूया.

चार

परतीची लोकल, विम्याचे दोन फॉर्म गाडीतच भरले.

साडेपाच, ठाकूरद्वार

माझं क्लिनिक तळमजल्यावर, पावसात पायरीशी पाणी. बाकावर कानवाल्यांचीच गर्दी. चौपाटीजवळच्या हिंदू बाथमध्ये पोहायला जाणारा सातवीतला मुलगा: पडद्याला भोक, तरी कोणी पोहायचं थांबवलेलं नाही. व्हॅसलीन लावलेला कापूस कानात घालूनच आंघोळ, पोहणं बंद, तेल बंद, तीन आठवड्यांनी दाखवा. आई म्हणाली, "तेल तर आमच्याकडे सगळ्यांनाच घालतात." घालू नका. गिरगावात मी हे वाक्य आयुष्यभर बोलत राहणार.

मग खोताच्या वाडीतल्या एक काकू. मार्चमध्ये त्यांच्या डाव्या कानाचा पडदा दुरुस्त केला. ऐकू छान येतंय. तक्रार अशी की जावई म्हणतो, आमटी खारट होते. स्वतः काकूंना जिभेत काही वेगळं वाटत नाही. "मी चाखूनच घालते हो मीठ."

मला असा पेशंट फार आवडतो. चार बाटल्या काढल्या: साखरेचं पाणी, मिठाचं, लिंबाच्या सत्त्वाचं, क्विनीनचं. चव विजेच्या बारीक करंटवर मोजायचं यंत्र असतं, मोठ्या ठिकाणी. माझ्याकडे कापसाच्या काड्या आहेत. तोंड उघडायचं, जीभ बाहेर काढायची आणि उत्तर देईपर्यंत आत घ्यायची नाही, कारण आत घेतली की थेंब पसरतो आणि मागचा भाग साक्ष देतो. बोलता येत नसल्यानं समोर पुठ्ठ्याचा तक्ता: गोड, खारट, आंबट, कडू, काहीच नाही. उजव्या कडेला मीठ, काकूंचं बोट ताबडतोब 'खारट'वर. चूळ. डाव्या कडेला मीठ. बोट तक्त्यावर हवेत फिरत राहिलं, 'आंबट'वर घुटमळलं, शेवटी 'काहीच नाही'. परत चूळ, डाव्या कडेला साखर: 'काहीच नाही'. कडूचं तेच. काकूंनी जीभ आत घेतली आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच काहीतरी हातचलाखी केली.

"पण मला तर सगळ्या तोंडात चव लागते!"

लागते. जिभेला स्पर्श दोन्ही बाजूंना कळतो, आणि मेंदू चव स्पर्शाबरोबर सगळीकडे सारवून टाकतो. अर्धी जीभ बंद आहे याचा पत्ता मालकाला लागत नाही. लिंडा बार्टोशक या अमेरिकन संशोधक बाईंनी लोकांची ही एक नस बधिर करून बघितली, तर मागच्या भागाची चव उलट वाढलेली दिसली. काहींना तर तोंडात काहीही नसताना चवी यायला लागल्या. एरवी पुढची नस मागच्यांना दाबून ठेवते, ती गप्प झाली की मागच्या बोलू लागतात, असं त्यांचं म्हणणं. काहींना सगळं कडू लागतं ते बहुधा यामुळे.

"म्हणजे जावई खरं बोलतो?"

जावई खरं बोलतो. काकूंना हे नसेच्या बातमीपेक्षा जास्त लागलं. त्यांना सांगितलं, मार्च ते आषाढ म्हणजे चारच महिने, वर्षभर वाट बघू, आणि तोवर मीठ चमच्यानं मोजून घाला. "चमच्यानं?" त्या म्हणाल्या, आणि छत्री घेऊन उठल्या.

साडेसात

शेवटचे आमच्या वाडीतले आचारी काका. माझ्या लहानपणापासून त्यांना बघतेय. माझ्या लग्नातला मसालेभात त्यांच्याच हातचा. अठ्ठावन्न वर्षांचे, दोन्ही कानांच्या रिकिबी बसत चाललेल्या, उजवी जास्त. ट्यूनिंग फोर्क लावला, ऑडिओग्राम बघितला, शंका नाही.

"ताई, आषाढातच उरकून टाका. आता लग्नं नाहीत. श्रावण लागला की सत्यनारायण, मग गणपती, मग पितृपक्ष. तुमचे पेशंट पितृपक्षात येत नाहीत म्हणता, आमची गिऱ्हाइकं तेव्हाच येतात."

पंचांगाच्या हिशेबानं बरोबर होतं. पण मी पेन खाली ठेवलं. दुसऱ्या कोणाला जिभेचं दोन मिनिटांत सांगते, त्यांना अर्धा तास सांगितलं. एका कानाचं केलं तर जिभेची एक बाजू काही महिने बिघडू शकते, कदाचित कायमची. आणि तुमचे दोन्ही कान करायचे आहेत. दोन्हीकडच्या नसा गेल्या तर नुसती चवच नाही. जिभेखालच्या आणि जबड्याखालच्या लाळेच्या ग्रंथींना हुकूम देणारे धागेही याच नसेतून जातात. काही न खाता-पिता तोंडात जी लाळ असते ती बहुतेक या ग्रंथींची. दोन्ही गेल्या तर तोंड कोरडं. म्हणून मी दुसऱ्या कानाला हात लावायच्या आधी पहिल्या बाजूची जीभ तपासते, वर्षभर थांबते, आणि ती बाजू आली नसेल तर दुसऱ्या कानाला मशीन लावा म्हणते. आणि मशीन आजही लावता येईल, दोन्ही कानांना, जिभेला काडीचा धोका नाही.

"मशीन भट्टीपुढे टिकेल?"

घाम, वाफ, तेलाचा धूर. रोज पुसावं लागेल, रात्री सुकवण्याच्या डबीत ठेवावं लागेल, तरी बिघडेल. खोटं कशाला बोलू.

त्यांनी डाव्या हाताचा तळवा पुढे केला. सगळे आचारी तसंच चाखतात: डावातली आमटी तळहातावर दोन थेंब, तिथून जिभेवर. "ही सवय, ताई. पण एक सांगू? निम्मं आयुष्य मी न चाखता शिजवलंय. नैवेद्याचं चाखायचं नसतं, श्राद्धाचं चाखायचं नसतं. दीडशे पानांची पंगत देवाला दाखवायच्या आधी कोणाच्या जिभेला लागत नाही. मीठ हाताला कळतं. कैरीची आमटी उकळताना वास बदलतो, तेव्हा गूळ पुरला." मग थोडं थांबून, "मला अडतंय ते दुसरंच. मोहरी."

कळलं नाही मला.

"मोहरी तडतडलेली ऐकू येत नाही हल्ली. वाकून बघायला लागतं. मोठ्या कढईत वाफ असते, दिसत नाही. दोनदा करपली. पोरगा ओरडतो, काका झालं, तर ते पण ऐकू येत नाही. पुरी फुगताना तेलाचा आवाज बदलतो, कुकरची शिट्टी, सगळं गेलं."

कानाच्या डॉक्टरकडे येऊन स्वयंपाकातल्या कानाबद्दल मला आजवर कोणी सांगितलेलं नव्हतं. मी चवीचा तराजू मांडून बसले होते आणि त्यांचं दुसरं पारडं मला ठाऊकच नव्हतं. ओळखीच्या माणसाला जरा जास्तच सांभाळून घेण्याचा हा तोटा.

एकच कान, उजवा, असं ठरलं. पुढचा गुरुवार. आज जिभेची दोन्ही बाजूंची परीक्षा घेऊन ठेवली. काकांनी सोळाच्या सोळा बरोबर सांगितल्या, वर क्विनीनचं पाणी जरा पातळ झालंय म्हणाले. पथ्य लिहून दिलं: तीन आठवडे वजन उचलायचं नाही, म्हणजे पातेलीही नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. श्रावणातल्या सत्यनारायणाला चाखायचा प्रश्न नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत चार महिने हातात आहेत, आणि त्यातून काही बिघडलंच तर पोराच्या जिभेवर दोन थेंब सोडायचे, हे त्यांनीच सुचवलं. पोरगा बाहेर बाकावर मोबाइल बघत बसला होता. त्याला ते पसंत दिसलं नाही.

साडेनऊ

रेसिडेंटचा फोन. भायखळ्याचा मुलगा शुद्धीवर, चेहरा दोन्हीकडे सारखा हलतोय, डोळा मिटतोय. जेवला. चवीबद्दल काही म्हणाला का? "विचारलं, मॅडम. म्हणाला, हॉस्पिटलचं जेवण आहे, चव कुठली."

शिक्षिकेला थोडी चक्कर, एवढ्यात चालतं. संध्याकाळचा चहा तिला पत्र्याच्या डब्यातला लागला, डावीकडे. सासूबाईंनी थर्मासमधून आणलेली पेज मात्र बरी लागली. मी त्याला वेळ आणि बाजू लिहून ठेवायला सांगितली, आणि उद्या राउंडच्या आधी चारही बाटल्या व तक्ता वॉर्डात न्यायला सांगितला. क्विनीन नवीन बनव, म्हटलं, जुनं पातळ झालंय.